नळीतील पिवळसर द्रव

प्रश्न : तपासणीसाठी घेतलेले रक्त नळीत काही वेळ उभे ठेवल्यास खाली लाल गोळा आणि वर पिवळसर द्रव दिसतो. रक्त बिघडले असे समजावे काय?

उत्तर : मुळीच नाही, शरीराबाहेर आल्यावर गोठणे हा रक्ताचा स्वाभाविक गुणच आहे. रक्ताचा सुमारे 55 टक्के भाग प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव असतो. त्यातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे गोठताना चिवट धागे बनतात, त्या जाळ्यात तांबड्या व पांढऱ्या पेशी अडकतात, आणि गोळा आक्रसू लागला की उरलेला द्रव, म्हणजे सीरम, वर येतो. जखमेवर खपली धरते तीही याच क्रियेमुळे.

गोठणरोधक घातलेल्या नळीत मात्र पेशी नुसत्या तळाशी बसतात, वर प्लाझ्माच राहतो आणि दोहोंच्या सीमेवर पांढुरका पातळ थर दिसतो. या थरात पांढऱ्या पेशी व बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, असतात. तो जेमतेम एक टक्का असला, तरी संसर्गाशी झुंजणे आणि रक्तस्राव थांबवणे ही कामे त्यावर अवलंबून असल्याने मला तो सर्वांत लक्षवेधी वाटतो. वरचा द्रव लालसर दिसल्यास मात्र तांबड्या पेशी फुटल्याची शक्यता असते आणि नमुना पुन्हा द्यावा लागू शकतो.