चिनी ऑपेरा शिकवल्याने गाण्याच्या विद्यार्थ्यांचा गळा बिघडतो का?

तुम्ही विचारलंय की चीनमध्ये पाश्चात्त्य पद्धतीने गाणं शिकणाऱ्या मुलांना पारंपरिक ऑपेराही शिकवतात, त्याचा उपयोग होतो की गळा बिघडतो. ‘गळा बिघडतो’ हे वाक्य मी बीजिंगमध्ये दोन वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी तिथे शिष्यवृत्तीवर पाश्चात्त्य गायन शिकत होते. आमचे सर उत्तम शिक्षक होते, माझा श्वास त्यांनीच घडवला. पण जिंगजूचं, म्हणजे आपण ज्याला पेकिंग ऑपेरा म्हणतो त्याचं, नाव काढलं की म्हणायचे, ‘ते ओरडणं आहे, घशातून गातात.’ पहिल्या सत्राच्या परीक्षेत मी एक चिनी गीत गायले. सूर लागला, दम पुरला. परीक्षक बाई म्हणाल्या, ‘आवाज छान आहे, पण गायलीस कुठल्या भाषेत?’ परदेशी आहे म्हणून बोलल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. माझ्यानंतर माझी मैत्रीण गायली. ती जन्मापासून बीजिंगची. तिलाही त्यांनी तेच विचारलं.

तिनेच मग मला तिएनतानच्या बागेत नेलं. तिथल्या लांब ओवरीत सकाळी निवृत्त मंडळी जिंगहू घेऊन गात बसतात. जिंगहू हे दोन तारांचं, बांबूचं, धारदार आवाजाचं वाद्य. एक सत्तरीच्या आजी लाओदान गात होत्या, म्हणजे वयस्कर स्त्रीची भूमिका, आणि ओवरीच्या दुसऱ्या टोकाला शब्द न् शब्द पोचत होता. आम्ही भीड सोडून विचारलं. त्यांनी मला गाऊ दिलंच नाही. म्हणाल्या, ‘तिएन म्हण.’ तिएन म्हणजे आकाश.

मी म्हटलं. त्यांनी दोन बोटांत माझी हनुवटी धरली आणि सांगितलं, शब्दाला डोकं, पोट आणि शेपूट असतं. ‘त’ आणि त्याला चिकटलेली ‘इ’ हे डोकं, ते नेमकं आणि झटकन. ‘ए’ हे पोट, सूर लांबवायचा तो त्याच्यावर. ‘न’ हे शेपूट, जिभेचं टोक टेकवायचं ते अगदी शेवटी, पण टेकवायचंच. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी तोंड मोकळं ठेवून लांबवत होते, त्यामुळे माझं ‘तिएन’ ‘तिआऽ’ व्हायचं आणि शेपूट बेपत्ता. चिनीत गाण्यातल्या उच्चाराला ‘शब्द चावणं’ म्हणतात. आजी म्हणाल्या, मांजर पिल्लू तोंडात धरते तसा धर. घट्ट धरलंस तर मरेल, सैल धरलंस तर पडेल. पाऊण तास एकच शब्द. हनुवटीवरची बोटं काढली नाहीत.

त्या पाऊण तासात मला सांगलीच्या आमच्या बाई आठवत होत्या. नाट्यपद शिकवायच्या आधी त्या ते नुसतं वाचून घ्यायच्या, ‘ळ’ गिळला की पुन्हा पहिल्यापासून. चिनी गायक व्यंजनांच्या पाच जागा मोजतात: ओठ, जीभ, दाढा, दात, कंठ. आपल्या वर्णमालेच्या कंठ्य-तालव्याची ही लांबची भावंडं आहेत. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा वर्णविचार तिकडे गेला आणि चिनी ध्वनिशास्त्रावर त्याचा ठसा उमटला.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: शिकवावं, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत थांबू नये. चिनी ही सुरांची भाषा, सूर बदलला की अर्थ बदलतो. ऑपेरात चाल शब्दाच्या चढउताराला धरून चालते, हे इटालियन आलापांतून कधीच कळणार नाही. ‘घशाने गातात’ म्हणणाऱ्यांनी कुओ लानयिंगबाईंना ऐकावं. जन्म १९२९ चा, लहानपणी शान्शीच्या बांगझी ऑपेरात तयार झालेल्या, आणि पुढे नव्या चिनी संगीतनाट्याच्या आघाडीच्या गायिका. गायनशिक्षक चिन त्येलिन (१९४०–२०२२) स्वतः पाश्चात्त्य गायन शिकले होते. त्यांनी दोन्हींचा मेळ घालून विद्यार्थी घडवले, प्रसिद्ध गायिका फंग लियुआन त्यांच्याच. हा ‘देशी की विलायती’ वाद तिथे १९५० च्या दशकातच जोरात झाला होता. आमचे सर तो २०१० नंतरही लढत होते.

तुमच्या वर्गापुरतं सांगायचं तर सुरुवात लाओदान किंवा लाओशंगने, म्हणजे वयस्कर पुरुषाच्या भूमिकेने, करा. दोन्ही खऱ्या आवाजात गातात. आधी शब्द वाचून घ्या, मग संथ ओळ. छिंगयीची, म्हणजे तरुण कुलीन स्त्रीची, खोट्या आवाजातली बारीक गायकी नवख्यांना देऊ नका. तिच्यात तोंड कमी उघडतं आणि मुली घसा आवळतात. इथे सरांची भीती खरी आहे, हे मला मान्य करावं लागेल.

आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना तर अजिबात जोर लावायला लावू नका. चिनी नट या काळाला ‘कोठार उलटणं’ म्हणतात. छंग यानछिऊ (१९०४–१९५८) यांना त्या वयात कार्यक्रमांमागून कार्यक्रम करायला लावले आणि त्यांचा आवाज गेला. पुढे उरलेल्या आवाजातून त्यांनी दबलेली, घुसमटलेली अशी स्वतःची गायकी उभी केली आणि चार थोर दान, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या, नटांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. पण असं सावरणारा एखादाच असतो.

शेवटच्या परीक्षेत मी तेच गीत पुन्हा गायले. सरांनी शेऱ्यात लिहिलं, ‘लोकगायकीचा डाग.’ परीक्षक बाई त्याच होत्या. त्यांनी भाषा विचारली नाही, दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दाबद्दल विचारलं: तो एवढा हळू का म्हटलास?