हार्ड रॉकमधला तुमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता? तो मनाला इतका का भिडतो, आणि नव्यानं ऐकणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी?

ऑस्ट्रेलियन रॉक बँड एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक'. यावर मला कधीच विचार करावा लागलेला नाही.

ज्यांना या अल्बममध्ये नुसता दणदणाट ऐकू येतो, त्यांनी तो नीट ऐकलेलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हा दुखवट्याचा अल्बम आहे. १९ फेब्रुवारी १९८० ला बँडचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला, अवघ्या ३३ व्या वर्षी. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याच्या जागी ब्रायन जॉन्सन आला, बहामाजमधल्या नासोला रेकॉर्डिंग झालं आणि २५ जुलैला अल्बम बाजारात. कव्हर पूर्ण काळं, ते बॉनसाठी.

'इतक्या लवकर?' असं तेव्हापासून लोक विचारत आलेत. मलाही कुणीतरी हेच तोंडावर विचारलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचा चौघांचा बँड होता, मी रिदम गिटारवर. आमचा गायक अपघातात गेला. दोन महिने कुणी वाद्याला हात लावला नाही. मग ड्रमरनं एका मुलाला आणलं. रिहर्सलच्या खोलीत माइकचा स्टँड होता तसाच उभा होता. आमचा गायक सगळ्यांत उंच. गाताना स्टँड खाली घसरायचा, म्हणून त्यानं स्वतःच्या उंचीला काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून ठेवली होती. नवा मुलगा त्याच्यापेक्षा चांगला वीतभर बुटका, पण त्यानं स्टँडला हात लावला नाही. टाचा उचलून, हनुवटी वर करून दोन गाणी म्हणाला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, वरचे सूर फाटत होते. आम्ही तिघंही खाली बघत वाजवत होतो. तिसऱ्या गाण्याआधी मी गिटार बाजूला ठेवली, नखानं पट्टी सोडवली आणि स्टँड खाली घ्यायला त्याचा नट फिरवला. तो इतका गच्च बसला होता की कर्रकन आवाज झाला. आमच्या लीड गिटारवाल्यानं गिटार केसमध्ये ठेवली, 'एवढी घाई होती तुला?' म्हणाला आणि निघून गेला. नंतर फोनवर त्यानं मला लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण ऐकवलं. १९८० च्याच सप्टेंबरमध्ये त्यांचा ड्रमर जॉन बॉनहम गेला आणि डिसेंबरमध्ये त्यांनी बँड थांबवल्याचं जाहीर केलं. 'याला म्हणतात इमान,' तो म्हणाला. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री 'हेल्स बेल्स' लावलं. वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं. संथ घंटा वाजते, मग अँगस यंगची गिटार सुरू होते. आणि घंटा थांबत नाही! गिटारखाली ती वाजतच राहते. दुःख आवरून झाल्यावर मग गाणं, असं तिथं काही नाहीच. दोन्ही एकाच वेळी चाललंय. हे मला तोवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

'बॅक इन ब्लॅक' या गाण्यातही तेच. रिदम गिटारवरच्या माल्कम यंगची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, ई, डी, ए या तीन कॉर्डवर (एकत्र छेडलेल्या सुरांवर) उभी आहे, आणि कॉर्डच्या मध्ये मोकळी जागा. रिदम वाजवणाऱ्याला माहीत असतं, तळवा टेकवून तारा वेळेवर गप्प करणं हे त्या छेडण्याहून अवघड. त्या जागेत फिल रडचे ड्रम सरळ चालत राहतात, आणि तिथं कुणीतरी असायला हवं होतं असं मला दर वेळी वाटतं. ब्रायन ती जागा बॉनची नक्कल करून भरत नाही. बॉनच्या आवाजात खट्याळपणा होता, हा गळ्याच्या शेवटच्या टोकावरून ओरडतो. त्याला त्याच्या उंचीचा माइक दिला गेला म्हणून हे जमलं.

शिवाय थांबू नका, असं बॉनच्या आईवडिलांनीच बँडला सांगितलं होतं. त्यांच्याहून जास्त हक्क कुणाचा? तेव्हा तुमच्या बँडमधलं कुणी गेलं आणि बाकीच्यांना वाजवावंसं वाटलं, तर वाजवा. किती दिवसांनी, याचा हिशेब बाहेरच्याला देऊ नका, आणि रुसून गेलेल्या मित्रालाही देऊ नका. नव्या माणसाला टाचा उंचावून उभं ठेवणं ही गेलेल्याची आठवण जपणं नव्हे. हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

अल्बममधली सगळी गाणी शोकाची नाहीत, हेही सांगतो. बायकांबद्दलची काही गाणी सरळसरळ चावट आहेत, ती मला आवडत नाहीत. बॉन रात्रभर पिऊन गेला, त्याच वर्षी 'हॅव अ ड्रिंक ऑन मी' कसं काय गायलं, ते मला आजही खुपतं. आणि झेपलिनचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. बॉनहमशिवाय त्यांना वाजवायचंच नव्हतं, विषय संपला. तो त्यांचा निर्णय होता, आमच्या खोलीत मोजपट्टी म्हणून आणायचा नव्हता.

सुरुवात पहिल्या गाण्यापासूनच करा. दहा गाणी आहेत, क्रम बदलू नका. घंटा हळू वाटली तरी आवाज वाढवू नका, आणि रिफ सुरू झाल्यावर घंटा आणखी किती वेळा वाजते ते मोजा.