मुलगी प्रश्न विचारायची थांबली, यात आनंद कसला?

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीला आहे, सिडकोतून कॉलेज रोडला नीटच्या क्लासला जाते, सरांनी तक्रार केली की ही फार शंका काढते, मग तुम्ही तिला दम दिला आणि 'आता ती गप्प बसून ऐकते', तर टेस्ट सिरीज कुठली लावू. टेस्ट सिरीज राहू द्या हो. ते 'गप्प बसून ऐकते' वाचून मला खरंच काळजी वाटली.

फालतू शंका म्हणून तुम्ही जी दिलीय ती तर भारी आहे. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती १२० दिवस जगते कशी? या दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत, सगळी पोरं पाठ करतात, पण शेजारी ठेवून बघायचं तुमच्या मुलीला सुचलं. केंद्रक जाण्याआधीच पेशीत प्रथिनं तयार झालेली असतात, त्या शिदोरीवर ती चालते, नवीन बनवता येत नाहीत म्हणून झिजत जाते आणि बरेचदा प्लीहेत, म्हणजे स्प्लीनमध्ये, मोडीत निघते. हे कळलं की १२० आकडा वेगळा घोकावा लागत नाही.

आणि 'डॉक्टर व्हायचं तर शंका कशाला' हे डोक्यातून काढाच. पोटातला अल्सर टेन्शन आणि ॲसिडमुळेच होतो असं डॉक्टरच मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांना वाटलं यामागे जिवाणू आहे, कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो जिवाणू स्वतःच पिऊन बघितला, जठराला सूज आली, तपासणीत जिवाणू सापडला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं आणि आज अशा अल्सरला अँटिबायोटिक देतात. शंका काढून सोडून देणारा मुलगा असेल तर त्याला जरूर ओरडा, पण शंकेमागे जाऊन तपासणाऱ्याला नाही.

नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, तिथे पाठांतर लागतंच, फिजिक्सला ते पुरत नाही. संशोधनाची ओढ दिसली तर पुण्याचं आयसर आहे, म्हणजे विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी सरकारी संस्था, त्याची परीक्षा वेगळी.

आज तिला स्वतःहून सांगा की विचारत जा, मी रागावणार नाही. शंकांची एक वही करू द्या, आधी स्वतः शोधेल, नाही सापडलं ते सरांना विचारेल. सरांना लेक्चरनंतर दहा-पंधरा मिनिटं मागा, तेही नाही म्हणाले तर क्लास बदला, फी बुडाली तरी चालेल.