वाचकांचे प्रश्न : प्रोजेक्टरचे चित्र जागेवर का बसत नाही?

प्रश्न : आमच्या शाळेत पाच वर्षांपूर्वीचा थ्री-एलसीडी प्रोजेक्टर आहे. एक्सेलचा तक्ता दाखवला की प्रत्येक आडव्या रेषेच्या वर लाल आणि खाली निळी किनार दिसते. पॅनेल गेले का? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : गेले म्हणायची घाई नको. या प्रकारच्या यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी तीन वेगवेगळी पॅनेले असतात आणि तिन्ही चित्रे एका चौकोनी प्रिझममध्ये एकत्र येतात. पॅनेले प्रिझमभोवती चिकटवून पक्की केलेली असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने किंवा उचलताना बसलेल्या धक्क्याने त्यातले एखादे केसभर सरकले, तरी किनार दिसू लागते. पण अशीच किनार भिंगामुळेही येते, म्हणून आधी दोष कुठला ते ठरवा.

प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. थंड यंत्रावर केलेली तपासणी फुकट जाते. कीस्टोन, म्हणजे तिरके पडलेले चित्र चौकोनी करणारी मेनूतली सोय, शून्यावर आणा. लॅपटॉपचे रिझोल्यूशन पॅनेलइतकेच ठेवा. वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत ते 1280×800 असते. पेंटमध्ये त्याच मापाचे काळे पान घ्या, त्यावर एक पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी काढा आणि पूर्ण स्क्रीनवर दाखवा. मध्यभागी फोकस करून पडद्याजवळ जा.

मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत लाल रेषा वरच्याच बाजूला आणि सारखीच सरकलेली असेल, तर पॅनेल हलले आहे. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असेल, तर ते किंचित फिरले आहे. मध्यभाग स्वच्छ, पण कडांकडे जाताना किनार वाढते आणि समोरासमोरच्या कडांवर उलट दिशांना पडते, तर दोष भिंगाचा. लेन्स शिफ्ट (यंत्र न हलवता भिंग सरकवून चित्र हलवायची सोय) अगदी टोकाला नेली असेल, तर ती मध्याकडे आणून पाहा. पांढऱ्या रेषा नीट आहेत, पण निळ्यावर लाल अक्षरे पसरतात? मग यंत्र ठीक आहे, लॅपटॉपकडून रंगाची माहिती काटछाट होऊन येते आहे. ग्राफिक्स सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण पाठवणारा पर्याय, निवडा.

आता किती सरकले ते पाहा. 100 इंची 16:10 पडद्याची रुंदी सुमारे 2154 मिमी, म्हणजे एक पिक्सेल जेमतेम 1.7 मिमी. तेवढा फरक मागच्या बाकांवर कुणाला दिसणारही नाही. काही मॉडेलांच्या मेनूत ‘पॅनेल अलाइनमेंट’ असते. त्यात हिरवा जागेवर ठेवून लाल आणि निळा सरकवतात, कारण चित्राचा बारकावा डोळ्याला मुख्यतः हिरव्यातून कळतो. एकेका वेळी एकच रंग हलवा. पॅनेल फिरले असेल, तर सगळे चित्र सरकवून भागत नाही, कोपऱ्यागणिक दुरुस्ती लागते. एक मेख मात्र आहे. पूर्ण पिक्सेलने सरकवले तर नुकसान नाही, पण पिक्सेलच्या अंशाने सरकवले की तो रंग शेजारच्या दोन पिक्सेलांत वाटला जाऊन मऊ पडतो. म्हणून अर्ध्या पिक्सेलचा दोष आम्ही तसाच सोडू. प्रिझम उघडून पॅनेल हाताने बसवायचा नाद तर अजिबात नको. ते काम कारखान्यातल्या जिगवरचे, म्हणजे भाग अचूक जागी धरणाऱ्या साच्यावरचे.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर टेबलावर असतो. चित्र वर रुंद, खाली अरुंद येते. ऑटो कीस्टोनने चौकोन सरळ होतो, पण अक्षरे पुसट होतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पुसट होणारच. यंत्राचे तोंड वर केले की वरच्या किरणांना जास्त अंतर कापावे लागते, म्हणून वरची बाजू पसरते. कीस्टोन काय करते? पॅनेलवरचे चित्र उलट आकारात आक्रसते. वरची कड 10 टक्के रुंद असेल, तर 1920 पैकी सुमारे 1745 पिक्सेलच तिथे कामाला येतात आणि एका पिक्सेलची रेषा दोघांत सांडते.

पुढचा पाय आत फिरवून यंत्र समपातळीत आणा आणि चित्र वर हवे असेल, तर टेबल उंच करा. मग वरची-खालची रुंदी आणि डावी-उजवी उंची टेपने मोजा. उजवी बाजू उंच येत असेल, तर यंत्र डावीकडे ठेवून तिरके मारले आहे. ते उजवीकडे सरकवून तोंड पडद्याला काटकोनात करा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणून थांबू नका. वर रुंद-खाली अरुंद अशा समतोल आकाराचेही कर्ण सारखेच येतात! चारही बाजू मोजा आणि गवंड्याचा ओळंबा उभ्या कडेला लावून पाहा. गुंडाळायच्या पडद्याच्या कडा आत वळल्या असतील, तर बाक पडद्यात आहे. यंत्राला दोष देऊ नका.

प्रश्न : छताला लावलेल्या प्रोजेक्टरचे चित्र महिन्या-दोन महिन्यांत दीड सेंटिमीटर खाली येते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : ब्रॅकेटचा सांधा घसरतो आहे. 4 मीटर अंतरावर फक्त 0.2 अंशाने सुमारे 14 मिमी सरकतात. स्क्रूंखाली स्प्रिंग वॉशर घालून आवळा. ब्रॅकेट पीओपीच्या छतात असेल, तर काढून वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवा. पाइप लांब असल्यास त्याला तिरका आधार द्या, नाहीतर पंखा सुरू झाला की चित्र थरथरत राहील.