विकायच्या गाडीला रंग मारावा का?

प्रश्न : आमची २०१६ ची वॅगन आर जेमतेम २७ हजार किलोमीटर चालली आहे. मिस्टर कामाला बसने जायचे, मी शाळेत चालत. गाडी चतुर्थीला गावी नि डॉक्टरकडे जाण्यापुरती. पण ती कायम फणसाखाली उभी असते. टपाचा रंग पापुद्र्यांसारखा सुटलाय, बंपर गेटच्या चिऱ्यांना घासलाय. एक एजंट म्हणतो, सगळी रंगवून घ्या. दुसरा म्हणतो, मीटर मागे फिरवलेला दिसतोय. काय करावं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, रंग मारू नका. फोंड्याला मी बावीस वर्षं गॅरेज चालवलं. जुन्या गाडीचं जाणकार गिऱ्हाईक आधी दाराचं रबर ओढून आत रंगाचा फवारा उडालाय का ते बघतं. नवा रंग दिसला की त्याच्या लेखी गाडी ठोकलेली. मग तुम्ही फणसाची गोष्ट कितीही सांगा. असा सोललेला टप मात्र कुणालाही ओळखू येतो, आणि बंपर तर प्लास्टिकचा. टपाचा फोटो जाहिरातीत पहिला टाका. तो पाहूनही जो म्हापशापर्यंत येईल, तो खरा घेणारा.

तपासायचा तो गंज. आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात गाडी उभीच. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी बघा, मॅट उचलून हात फिरवा. कुठे फोड आलेला असेल तर तेवढीच जागा दुरुस्त करा आणि गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा.

मीटरचा आरोप तुम्हाला लागला असणार. सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा. प्रत्येकावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात. पेडलची रबरं, ड्रायव्हर सीटची कड दाखवा. टायर मूळचेच असतील तर त्यांच्या बाजूवर चार आकडे सापडतील : ३२१६ म्हणजे टायर २०१६ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. मूळचे टायर अजून टिकलेत म्हणजे गाडी कमीच चालली; किलोमीटरचा याहून चांगला पुरावा नाही. मात्र इतकं जुनं रबर, नक्षी शाबूत असली तरी, भरवशाचं नसतं. चार टायरांचे पैसे किमतीतून सोडा आणि घेणाऱ्याला ते बदलायला सांगा. त्याच्या घरची माणसं त्यात बसणार आहेत.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. एजंटला फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर, कोऱ्या सह्या देऊ नका. माझ्या मेहुण्याने दिल्या. गाडी त्याच्याच नावावर राहिली आणि किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने फिरू लागली. चलनं याच्या घरी. भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी, पिवळे आकडे लागतात. तुमची पांढऱ्या पाटीची. अपघात झाला तर आणखी वाईट : नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. म्हणून घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा, विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवा, फास्टॅग बंद करा. विम्यातला नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा असतो, गाडीचा नव्हे; पुढे दुसरी गाडी घ्यायची असेल तर त्याचं पत्र कंपनीकडून मागून ठेवा.

आणि आरसीवर नवं नाव चढलेलं स्वतः बघेपर्यंत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स कपाटात असू द्या.