डेमोची जोडी ‘नवी’ म्हणून विकली, आता काय?

प्रश्न (नाशिकहून, थोडक्यात): बारा वर्षं जपलेली टॉवर स्पीकर्सची जोडी मी मुंबईतल्या एका दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये दिली आणि त्याच कंपनीच्या नव्या सीरिजची जोडी घेतली. किंमत ६,८०,००० रुपये. जुन्या जोडीचे १,८०,००० वळते करून उरलेले ५ लाख बँकेतून भरले. व्हॉट्सअॅपवर त्याने ‘सीलबंद पीस येईल’ असं लिहिलं होतं. खोकी उघडली तर चिकटपट्टी दोनदा लावलेली आणि मागच्या टर्मिनलवर वायर घट्ट बसवल्याचे ओरखडे. वॉरंटी नोंदवायला गेलो, तर हे सीरियल नंबर आधीच नोंदलेले असल्याचं उत्तर आलं. आता दुकानदार म्हणतो, “डेमोचीच जोडी आहे, पण बर्न-इन झालेली (म्हणजे वाजवून वाजवून मोकळी झालेली), उलट तुमचा फायदा. विकलेला माल परत घेत नाही, बिलावर छापलंय.” २५,००० रुपयांची क्रेडिट नोट द्यायला तयार आहे. मला तर आवाजही पूर्वीसारखा भरदार वाटत नाही. माझी जुनी जोडी अजून त्याच्या शोरूममध्ये दिसते. ती परत मिळेल का?

उत्तर: आवाज भरदार वाटत नाही हे वाक्य तक्रारीत घालू नका. तुमच्या कानावर मला शंका नाही. बारा वर्षं एकाच जोडीवर ऐकणाऱ्याला फरक कळतोच. पण आवाजाचा मुद्दा निघाला की समोरचा वकील खोलीचा आकार, पडदे, अॅम्प्लिफायर सगळं मध्ये आणेल. प्रकरण प्रयोगशाळेकडे गेलं तर निकालाची तीन महिन्यांची मुदत कायद्यातच पाच महिन्यांची होते, प्रत्यक्षात आणखी लांबते. तुमची बाजू आवाजावर उभीच नाही. नवी म्हणून पैसे घेतले आणि वापरलेली दिली, एवढाच मुद्दा आहे. त्याला सीरियल नंबर आणि तो व्हॉट्सअॅप मेसेज पुरतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा असल्याचं भासवणं त्यात स्पष्ट शब्दांत आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्याच यादीत येतं. बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यावा लागतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा छापील शिक्का अशा वेळी दुकानदाराच्या कामाचा नाही. बर्न-इनचं म्हणाल तर, फायदा होता तर विकण्याआधी सांगायचं होतं आणि डेमोचा भाव लावायचा होता. आता दिलेलं हे उत्तर म्हणजे त्याची कबुलीच आहे. ते लेखी आलं असेल तर जिवापाड जपा. फोनवर बोलला असेल तर ‘आज तुम्ही असं म्हणालात’ असा मेसेज त्याला आजच टाका.

आता एक गोष्ट तातडीची. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार, माल नाकारतोय असं न कळवता तुम्ही तो वाजवी काळापलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यामुळे रोज संध्याकाळी गाणी लावणं थांबवा आणि ‘माल नाकारत आहे, घेऊन जा’ असं लेखी कळवा. चाळीस-पन्नास किलोचं ते धूड मुंबईला पोहोचवायची जबाबदारी तुमची नाही. कलम ४३ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर नकार कळवणं पुरेसं आहे. खोकी, थर्माकोल, स्पाइक्सची (स्पीकरखालच्या टोकदार पायांची) पिशवी यातलं काहीही टाकू नका. ओरखडे, चिकटपट्टीचे दोन थर, मागच्या पट्टीवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर यांचे जवळून फोटो काढा. वॉरंटी नाकारल्याचा ईमेल सांभाळा. चॅट आणि फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

क्रेडिट नोट घेऊ नका. तिच्या मागे बहुधा ‘तक्रार उरली नाही’ अशी ओळ असते, आणि ती सही पुढे प्रत्येक तारखेला तुमच्यापुढे धरली जाईल.

हे सगळं मांडून दुकानदाराला नोटीस पाठवा. तिला १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथे दाद मागण्याची सोय २०१९च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा नकोत. मोबदला, म्हणजे मालासाठी तुम्ही दिलेली किंमत, ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच योग्य. मोबदला पूर्ण ६,८०,००० दाखवा. जुनी जोडी हाही तुम्ही दिलेला मोबदलाच आहे. फक्त ५ लाख लिहिले तर शुल्क लागणार नाही खरं, पण २०० रुपये वाचवायला १,८०,००० वरचा हक्क धूसर कशाला करायचा? तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, तरी तितकं थांबू नका. दुकानदारासोबत भारतातल्या आयातदारालाही पक्षकार करा. त्याच्याविरुद्ध काही मागायचं नसलं तरी ही जोडी कधी, कोणाच्या नावे नोंदली गेली याची नोंद त्याच्याकडेच मिळेल. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. अनेकदा दुकानदार तिथेच नमतो. पोलिसांत मात्र आत्ताच जाऊ नका, ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील आणि महिना जाईल.

मागणी अशी ठेवा: त्याच मॉडेलची सीलबंद नवी जोडी, किंवा पूर्ण रक्कम व्याजासह परत, शिवाय मनस्तापाची भरपाई आणि खर्च.

जुन्या जोडीबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, पण पत्रावरून जीव तिच्यातच अडकलाय असं दिसतं. व्यवहार रद्द झाला तर ती परत मागता येते. अडचण एवढीच की आज ती त्याच्या मालकीची आहे आणि उद्या कोणीही घेऊन जाईल. प्रामाणिक गिऱ्हाइकाकडे गेली की मग फक्त १,८०,००० चे पैसेच मिळतील. म्हणून नोटिशीत तिच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहा: वाद मिटेपर्यंत ही जोडी विकू नये. तिचे सीरियल नंबर तुमच्या जुन्या बिलावर असतील, ते टाका. तक्रार दाखल करताना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्जही त्याच दिवशी द्या. नोटीस उद्याच्या स्पीड पोस्टने जाऊ द्या, आणि तिचा फोटो आज रात्रीच दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवा.