नानांची पेटी आणि 46 किलो

बडोद्यात समुपदेशन करायला लागल्यापासून एक तक्रार मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की, "ताई, कॅनडाचा व्हिसा आला" असं कुणी म्हटलं की अभिनंदन करायच्या आधी मी विचारते, "बॅगा भरून झाल्या का?" पुढच्या पाच मिनिटांत रडू तरी येतं नाहीतर घरातलं एखादं भांडण तरी बाहेर पडतं. काय न्यायचं, काय ठेवायचं? सासूबाईंचा सोऱ्या, आईचं पोळपाट, वडिलांची हत्यारं. जाणाऱ्याला वाटतं, नको म्हटलं तर दुखावतील. देणाऱ्याला वाटतं, एवढंही दिलं नाही तर मग आपण दिलं काय?

मागे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय 32. माहेर दांडिया बाजारात. नवरा सहा महिने आधीच ओंटारिओत गेलेला, हिचं विमान 19 दिवसांवर. आली होती झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोनला जाग येते, मग ही उठते, बॅग उघडते, सगळं सामान बाहेर काढते, परत भरते आणि हातातल्या काट्याला लटकवून वजन करते. 23 किलोच्या दोन बॅगा, म्हणजे 46 किलो. घरच्यांनी 'हे ने' म्हणून काढून ठेवलेलं सगळं तिने एकदा मोजलं, तर ते 71 किलो भरलं. त्यातले 14 किलो एकट्या हत्यारांच्या पेटीचे.

पेटी तिच्या वडिलांची. घरात आणि वाड्यात सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी तंत्रशिक्षणासाठी 1890 साली काढलेलं ते कलाभवन पुढे विद्यापीठात गेलं, त्याचं नाव बदललं, पण जुने बडोदेकर अजून 'कलाभवन'च म्हणतात. तिथून ते मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. व्हिसा आला त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून पेटी उतरवली, पुसली आणि लेकीच्या खोलीत नेऊन ठेवली. "ही तुझी," एवढंच म्हणाले.

"मला नको आहे ताई. पण कसं सांगू?"

इथे मी चूक केली, तीही सांगून टाकते. मी तिला आमचा नेहमीचा गृहपाठ दिला: सामानाचे तीन ढीग कर. न्यायचं, ठेवायचं आणि नंतर ठरवायचं. चार दिवसांनी ती आली, फोनवर फोटो दाखवला आणि हसायला लागली. 71 किलो सामान 'नंतर ठरवायचं'च्या ढिगात. न्यायच्या ढिगात फक्त मोजे.

गृहपाठ वाईट नव्हता, पण मी तो एकटीला दिला होता. ज्याने वस्तू काढून ठेवली तो माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला, आणि त्याच्या मनात काय आहे याचे अंदाज ही इकडे रात्री दोन वाजता बांधत होती. मी म्हटलं, "नानांना घेऊन ये. आणि पेटीही."

नाना आले ते इस्त्रीच्या शर्टात, दवाखान्यात आल्यासारखे. पेटी रिक्षावाल्याने वर आणून दिली. मी विषय काढायच्या आधीच त्यांनी लेकीला विचारलं, "जावईबापूंच्या घराची भिंत कशाची आहे?"

तिला माहीत नव्हतं. नवऱ्याला मेसेज केला. तिकडे पहाट होती, पण उत्तर आलं: लाकडी सांगाडा, त्याच्यावर जिप्समचे बोर्ड, उभे खांब 16 इंचांवर.

नानांनी पेटीतून हॅमर ड्रिल काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "मग हे कशाला? हे आपल्या विटांच्या भिंतीसाठी. बोर्डाला ठोके देणारं ड्रिल लावलंस तर भोक नाही, भगदाड पडेल. शिवाय हे 230 व्होल्टचं. तिकडे 120. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हटला तर तो याच्यापेक्षा जड." मग सिमेंटमध्ये चालणारे बिट आणि रावल प्लगची पिशवी बाहेर. मग पाइप पाना. "नळाचे आटे वेगळे. आपल्याकडे इंग्रजांचे, 55 अंशांचे. तिकडे अमेरिकी, 60 अंशांचे. दोन्हीकडे अर्धा इंचच म्हणतात, पण इथला नळ तिथे बसवलास तर गळणार. पाना कुठलाही चालेल, पण नळ तिकडचा आणि माणूसही तिकडचाच बोलाव."

डिसमिसचा संच हातात घेऊन ते थांबले. (पुण्याच्या वाचकांसाठी: आम्ही बडोदेकर स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतो. कामावरून काढण्याशी संबंध नाही.) जावयाने मागे एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं की पलंग जोडताना नेलेला डिसमिस लागेचना, स्क्रूच्या डोक्यात चौकोनी खड्डा. नानांनी तेव्हाच शोधून ठेवलं होतं: तो रॉबर्टसनचा स्क्रू, 1908 साली एका कॅनडियन माणसाने काढलेला, तिकडे घरोघरी सापडणारा. संच टेबलावर.

पंधरा मिनिटांत पेटीत मोजकी हत्यारं उरली. लेक बघत राहिली होती. तीन आठवडे जे बोलायला ती घाबरत होती ते नानांनी स्वतःच, एकेक कारण देत, करून टाकलं होतं. मी विचारलं, "नाना, हे सगळं तुम्हाला आधीच माहीत होतं, मग पेटी तिच्या खोलीत का ठेवलीत?"

"मॅडम, सासरच्यांनी सोऱ्या दिला, हिच्या आईने पोळपाट दिलं. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी पुढचा प्रश्न विचारला, जो खरं तर मी लेकीला विचारायला हवा होता. "पेटी गेली असती तर रविवारी तुम्ही काय केलं असतंत?"

ते काही बोलले नाहीत. लेकच बोलली. दर रविवारी खालच्या मजल्यावरून कुणी ना कुणी हाक मारतं, "नानाकाका, जरा आवो ने, नळ टपके छे." मग नाना पेटी घेऊन खाली जातात, तासभर लावतात, चहा घेऊन येतात. ती म्हणाली, "म्हणजे ही पेटी मी नेली असती तर वाड्यातले नळ कोणी..." आणि तिथेच तिचा आवाज बदलला. "आणि माझा नळ गळला तर मी कोणाला हाक मारू?"

रात्री दोनला तिला उठवत होतं ते हे. वजन 46 वर बसत नव्हतं हे खरं, पण ते बसलं असतं तरी ती उठलीच असती.

आमच्या धंद्यात 'गरजेची वस्तू' आणि 'भावनेची वस्तू' अशी विभागणी करायला सांगायची पद्धत आहे. मी ती सोडून दिली आहे. माझ्या आत्याने दगडी खलबत्ता भावनेपोटी नेला. न्यू जर्सीत तो बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला असतो, म्हणजे आता तो गरजेचा. आणि गरजेचा म्हणून नेलेला 750 वॉटचा मिक्सर 120 व्होल्टवर नुसता कण्हतो. आधी साधे प्रश्न विचारावेत: तिथली वीज किती, भिंत कशाची, शेगडी कुठली. काचेच्या सपाट शेगडीवर आपला खोलगट तवा बसत नाही, इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. एवढ्यानेच निम्मं भांडण आपोआप गळून पडतं, कारण नकार तुम्ही देत नाही, शेगडी देते. उरतं ते मग समोरासमोर बसून बोलण्यासारखं असतं. (सोऱ्या नेला बरं का. पितळी, दीड किलो. सासूबाईंनी कारण दिलं: "दिवाळी तिथेही येते." याला शेगडीकडे उत्तर नव्हतं.)

उरलेले दिवस नानांनी तिला शिकवण्यात घालवले. ही कल्पना माझी नव्हती, त्यांचीच. रोज संध्याकाळी एक तास: वॉशर बदलायचा, बिजागरी घट्ट करायची, फळी पातळीत लावायची. ती मला फोनवर सांगायची आणि मी तिला झोपेचं विचारायचे. पाचव्या दिवसापासून चार-साडेचारपर्यंत झोपायला लागली. पूर्ण बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.

एका संध्याकाळी मात्र अडलं. प्लग कसा जोडायचा हे नाना शिकवत होते: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. लेकीने सहज फोनवर तिकडचं बघितलं. तिकडे काळ्या वायरीलाच करंट, न्यूट्रल पांढरी. नानांनी फोन हातात घेऊन दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "पन्नास वर्षं काळीला हात लावत आलो," म्हणाले. मग वहीत मोठ्या अक्षरांत लिहून तिला दिलं: तिथे विजेच्या कामाला हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनच बोलवायचा. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं तिने मला सांगितलं. आपण शिकवलेलं लेकीच्या जिवावर बेतू शकतं हे कळल्यावर जेवण कसं जाणार. मी तिला म्हटलं, समजावायला जाऊ नकोस, उद्या परत वेळेवर शिकायला बस. ती बसली.

शेवटी पेटीतून गेलं ते असं: पक्कड, एक छोटी हातोडी, अॅलन कीचा जुडगा (जोडायच्या फर्निचरला तिकडेही मिलिमीटरच चालतात), आणि एक गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार). सगळं मोठ्या बॅगेत. हत्यारं हातातल्या बॅगेत घ्यायची नाहीत हे तिला तीनदा बजावलं होतं.

गुण्या मी त्या दिवशी टेबलावर पाहिला होता. तळहाताएवढा, पोलादी, कडा झिजून गुळगुळीत. कलाभवनात वर्कशॉपच्या तासाला नानांनी कानशीने घासून घासून केलेला. मास्तर तो सपाट ठोकळ्याला टेकवून खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की परत पाठवायचे. नानांचा चौथ्यांदा पास झाला. पात्याच्या मुळाशी त्यांचा रोल नंबर ठोकलेला आहे, त्यातला एक जरा तिरका: 17.

निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. तिकडे कायम राहायला जाणाऱ्यांनी आपल्या वापरातल्या सामानाची यादी करायची असते: वस्तू, किंमत, बनावट (म्हणजे कोणी बनवली ते), असेल तर सीरियल नंबर. सोबत आणलेलं वेगळं, मागून येणारं वेगळं. यादी करता करता ती गुण्यापाशी अडली होती. नाना बाजूलाच होते, मला त्यांचा आवाज येत होता.

"किंमत काय लिहू नाना?"

"वीस रुपयांचं लोखंड आहे. लिही काहीतरी."

"आणि बनावट?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग नानांनी स्वतःचं आडनाव सांगितलं, स्पेलिंगसकट. सीरियल नंबरच्या रकान्यात तिने कुणाला न विचारता 17 लिहिलं.